आरसीत तीन, बॉनेटखाली चार

सोसायटीच्या पार्किंगमधलं जे बॉनेट रविवारी सकाळी सातलाच उघडलेलं असतं, त्याखाली इंजिन असेलच याची खात्री नाही. इंजिनबदलू गृहस्थ मात्र हमखास सापडतो. हा राहतो कोथरूडमध्ये, पण तसा तो नाशकातही असतो आणि कोल्हापुरात तर गल्लीगणिक असतो. वय पस्तीस ते पंचावन्न. नोकरी बरी. हाताला ग्रीस, आणि ते पुसायला बायकोची जुनी, म्हणजे त्याच्या मते जुनी, ओढणी.

गाडी वडिलांची मारुती ८००. ती विकायची नाही, कारण वडिलांची. नवी घ्यायची नाही, कारण ‘नव्या गाड्यांत दम नाही, नुसता पत्रा’. हे तो ज्या गाडीला टेकून म्हणतो, तिचं स्वतःचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास असतं. मग उरतो तिसरा मार्ग. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरी इंजिन उतरवायचं आणि एस्टीमचं १,२९८ सीसीचं चार सिलिंडरी चढवायचं. दोन्ही मारुतीचीच. “अगं, घरातल्या घरात आहे,” असं तो बायकोला सांगतो, जणू मामाची मुलगीच करून आणतोय.

हे खूळ आजचं नाही. पेट्रोल आणि डिझेलच्या भावात मोठी दरी होती तेव्हा पेट्रोलच्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून देणारे फिटर तालुक्यातालुक्यात होते. इंजिनबदलू हा इतिहास तोंडपाठ म्हणतो आणि वर कंपन्यांचे दाखले देतो. अँबेसेडरला नाही का जपानच्या इसुझूचं इंजिन बसवलं? फियाटचं १,२४८ सीसीचं डिझेल इंजिन स्विफ्टमध्ये होतं, पुंटोमध्ये होतं, टाटांच्या व्हिस्टामध्ये होतं. लोक त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणायचे! एक इंजिन तीन कंपन्यांना चालतं, मग आपल्याला का नाही?

याचं उत्तर त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. कंपनीने इंजिन बदललं की गाडीचा तो प्रकार नव्याने चाचण्या देऊन मंजूर करून घ्यावा लागतो, आणि अशा चाचण्या घेणारी एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था कोथरूडच्या टेकडीवरच आहे. इंजिनबदलू रोज पहाटे त्याच टेकडीवर फिरायला जातो. कुंपणाच्या आत काय चालतं, हा प्रश्न त्याला कधी पडलेला नाही.

त्याचं अंदाजपत्रक दोन ओळींचं. पहिली ओळ, इंजिन. दुसरी ओळ, किरकोळ. पहिली ओळ खरी ठरते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, जिथे गाड्यांचे सुटे अवयव दुकानादुकानांतून रचलेले असतात, त्याला एस्टीमचं इंजिन घासाघीस करून मिळतं.

मग सुरू होतं किरकोळ. इंजिनाची माउंटिंग जुळत नाहीत, म्हणून ब्रॅकेट कापून वेल्डिंग. इंजिन आलं म्हणून त्याच्यासोबतचा गिअरबॉक्स. गिअरबॉक्स आला म्हणून एक्सल. जुना रेडिएटर चार सिलिंडरांची उष्णता पेलत नाही, म्हणून मोठा. इंजिन एमपीएफआय निघालं, म्हणून टाकीत नवा पंप, आणि ईसीयूसकट अख्खं वायरिंग; ते कुर्ल्यात राहिलं, म्हणून पुन्हा कुर्ला. नाक जड झालं म्हणून पुढचं सस्पेन्शन. आणि गाडी पळायला लागली की लक्षात येतं की बारा इंची चाकं आणि त्यांचे ब्रेक ८०० च्याच तब्येतीला बेतलेले आहेत. ‘किरकोळ’ इंजिनाच्या किमतीला केव्हाच मागे टाकून पुढे गेलेलं असतं. हे सगळं बसवणाऱ्या गॅरेजवाल्या उस्तादांचं मात्र एकच पालुपद, “साहेब, हो जाएगा.”

या साऱ्या व्यवहारात त्याने फक्त एक बचत केलेली असते. मजुरीवर १८ टक्के जीएसटी नको म्हणून तो उस्तादांकडून बिल घेत नाही. कुर्ल्यातून इंजिनाचंही घेतलेलं नसतं. या बचतीवर तो फार खूष असतो.

कायदा घरात येतो तो बायकोच्या तोंडून. “अहो, आरसीवर काय काय लिहिलंय ते वाचलंत का?” आरसीच्या नोंदीत इंजिन नंबर असतो, सीसी असतो, इंधन असतं आणि सिलिंडर किती तेही असतं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ सांगतं की कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द ऐकून तो मनातल्या मनात ब्रॅकेटपासून मोजायला लागतो.

मग तो पळवाटा शोधतो. इंजिन बदलल्यावर चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं, असं कलम ५२ मध्येच त्याला सापडतं. ही सवलतच आहे, असा अर्थ तो लावतो. पण चौदा दिवसांत गाडी सुरू तरी कुठे झालेली असते! दुसरी वाट त्याहून मोहक. किमान दहा वाहतूक वाहनांच्या मालकाला राज्य सरकार परवानगीशिवाय इंजिन बदलण्याचा अधिकार देऊ शकतं. क्षणभर त्याच्या डोळ्यांपुढून दहा टेम्पो सरकतात. पुढचे शब्द बायको वाचते, “त्याच मेकचं आणि त्याच प्रकारचं इंजिन.” टेम्पो विरून जातात. मंजूर किट बसवून सीएनजीवर जाण्याची मुभा कायदा उघडपणे देतो. पण सीएनजीत, अर्थातच, दम नाही.

तेव्हा तो गप्प बसायचं ठरवतो. विमा कंपनीच्या दफ्तरी गाडी ७९६ सीसीचीच राहते. जून २०२२ च्या दरांनुसार १,००० सीसीपर्यंतच्या मोटारीचा थर्ड पार्टी हप्ता २,०९४ रुपये, त्यापुढे १,५०० सीसीपर्यंत ३,४१६. म्हणजे वर्षाला १,३२२ रुपये वाचले, असं तो मित्रांना सांगतो. उद्या अपघात झाला आणि सर्व्हेअरने बॉनेट उघडलं तर काय, हे मित्र विचारत नाहीत. तेही त्यातलेच असतात.

सिंहगडाच्या घाटात मोठ्या गाड्यांना मागे टाकतानाचा त्याचा आनंद मात्र खरा असतो. तो आनंद जुन्या गाडीच्या फेरनोंदणीपर्यंत टिकतो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी खासगी गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते. या फेरनोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झालं. पैशाचं त्याला काही वाटत नाही. वाटतं ते इन्स्पेक्टरच्या टॉर्चचं. चेसिस नंबर बरोबर जुळतो. मग इन्स्पेक्टर इंजिनाकडे वाकतात. “हे कुठून आणलं? बिल?”

वाचवलेल्या १८ टक्क्यांची आठवण त्याला तिथे होते. बिल नाही, म्हणजे इंजिन चोरीचं नाही हे दाखवायला कागद नाही. आणि बिल असतं तरी ८०० च्या आरसीवर चार सिलिंडर चढणार नव्हतेच.

शेवटी गॅलरीत चादरीखाली झाकून ठेवलेलं मूळ तीन सिलिंडरी इंजिन लिफ्टने खाली येतं. उतरवायची मजुरी, चढवायची मजुरी, जुने एक्सल, जुनं वायरिंग. गाडी पास होते. सरळ मार्गाने काम झालं असतं ते असं: ८०० चंच दुसरं इंजिन, आधी आरटीओची परवानगी, पक्कं बिल, आरसीवर नवा नंबर आणि विमा कंपनीला एक पत्र. खर्च त्याच्या एकट्या ‘किरकोळ’मध्ये बसला असता.

आता एस्टीमचं इंजिन गॅलरीत आहे, आणि गाडी कंटाळून विकायला काढली आहे. पण विकण्याआधी ते पुन्हा एकदा बसवून बघायचा त्याचा विचार चालू आहे. तेव्हा जुनी ८०० घ्यायला जाणार असाल तर आरसी हातात धरा, इंजिनावरचा नंबर स्वतः वाचून जुळवा आणि प्लगच्या वायरी मोजा. तीन भरल्या तरच पुढची बोलणी करा.