ट्यूब अँप घरी वाजवण्याची शास्त्रोक्त पद्धत (काशीगावासाठी सुधारित)

पात्रता: साधकाकडे इलेक्ट्रिक गिटार, सोशिक कुटुंब आणि सोसायटीच्या मेंटेनन्सची ताजी पावती असावी. पावती सर्वांत महत्त्वाची. तक्रार आवाजापासून सुरू होते, पण संपते नेहमी थकबाकीवर.

आता अँपची निवड. नवशिक्याला शंभर वॉट हवे असतात. मार्शल कंपनीने शंभर वॉटचा अँप 1965 मध्ये ‘द हू’च्या पीट टाउनसेंडसाठी बनवला, कारण त्याला गर्दीच्या आरडाओरड्याच्या वर जायचे होते. तुमच्या वर सेक्रेटरी राहतात. शिवाय वजनाचा विचार करावा. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब 29 किलोंच्या आसपास भरतो. विरार लोकलच्या मालडब्यात तो चढवताना मासळीच्या टोपल्यांना आधी जागा द्यावी, त्यांचा हक्क जुना आहे. मीरा रोड स्टेशनबाहेर शेअर रिक्षावाला त्याचे एका सीटचे पैसे मागेल. ते मुकाट्याने द्यावेत.

म्हणून पाच वॉट घ्यावेत. फेंडर चॅम्प हा तेवढाच, पण एरिक क्लॅप्टनने 1970 मध्ये ‘लैला’ अल्बमच्या ध्वनिमुद्रणात तो वापरला, तेव्हा तुम्हाला कमीपणा वाटायचे कारण नाही. कानाला आवाज दुप्पट वाटायला वॉट दहापट लागतात. पन्नास वॉटवाला शेजारी तुमच्या दुप्पटच त्रासदायक असतो. पण म्हणून पाच वॉट गरीब समजू नयेत. गिटारचा बारा इंची स्पीकर एका वॉटवर मीटरभर अंतरावरून 98 डेसिबलच्या घरात आवाज देतो. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल ठरवून दिले आहेत. मीटरभर अंतरावर 55 वर थांबायचे तर एका वॉटचा सुमारे 20,000 वा हिस्सा पुरतो. उरलेले सगळे वॉट शोभेचे. मध्ये भिंत असते हे खरे, पण त्या भिंतीतून शेजारची फोडणीही ऐकू येते.

मग हळू का वाजवू नये, असे घरचे विचारतील. त्यांना बसवून समजावून सांगावे. काचेच्या ट्यूबमध्ये तापलेल्या कॅथोडवरून इलेक्ट्रॉन सुटतात आणि जाळीतून वाट काढत पलीकडच्या पट्टीवर पोचतात. अँपवर ताण येऊ लागला की ट्रान्झिस्टर लाटेचा माथा कापून टाकतो. ट्यूब तो दाबत, गोलावत नेते. मांडवात आवाज फाटला की साउंडवाला कपाळाला हात लावतो, गिटारवाला तिथेच डोळे मिटतो. बोट हलके पडले तर स्वर स्वच्छ, जोरात पडले तर त्याची कड फाटते, आणि गिटारची व्हॉल्यूमची घुंडी जरा मागे घेतली की तोच अँप पुन्हा शहाण्यासारखा बोलतो. बटण न दाबता, पॅडल न लावता, नुसत्या बोटांनी. हे सुख अँप दमल्याशिवाय मिळत नाही. अँप आणि स्पीकर यांच्यामध्ये अटेन्युएटर बसवून बरीचशी शक्ती उष्णतेत घालवता येते. मे महिन्यात काशीगावात उष्णतेची टंचाई नसते, तरी उपाय चांगला आहे.

घरात सत्तरीपुढचे आजोबा असल्यास त्यांना प्रथम बोलवावे. मर्फीच्या रेडिओचे व्हॉल्व्ह तापेपर्यंत बातम्यांसाठी ताटकळलेली ती पिढी. “थांब, अजून गरम व्हायचाय,” हे तेच तुम्हाला सांगतील, आणि कुटुंबातले एक मत पक्के होईल.

निषिद्ध गोष्टी थोड्याच, पण या बाबतीत विनोद नाही. अमेरिकेतून मामेभावाने आणलेला 120 व्होल्टचा अँप थेट 230 च्या प्लगमध्ये खुपसू नये. मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा. स्पीकर न जोडता अँप चालवल्यास आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि मागचे झाकण उघडू नये: प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट दबा धरून असतात.

मुहूर्त. पंचांगात हळदीचे दिवस पाहून ठेवावेत. आसपासच्या आगरी-कोळी घरात हळद लागली आणि बेंजो पार्टी सुरू झाली की पाच वॉट बिनधास्त पूर्ण उघडावेत, कोणालाही पत्ता लागत नाही. मात्र साधकाने एकदा खिडकी उघडून नीट ऐकावे. हा बेंजो म्हणजे 1912 मध्ये नागोयात जन्मलेल्या जपानी ताइशोगोतोचा नातलग: बटणे दाबायची, तारा छेडायच्या, पिकअप लावून अँपमधून स्वर फाडायचा. तुम्ही दार लावून जे करता तेच तो माणूस भर रस्त्यात करतो. त्याच्यापुढे सोसायटीची अर्धी कमिटी नाचते, वर त्याला जेवणही मिळते. काशीगावात गोंगाटाला बंदी नाही. एकट्याने केलेल्या गोंगाटाला आहे. आपल्याला शिक्षा आवाजाची होत नाही, माणसे न जमवल्याची होते.

तेव्हा एवढे करूनही सेक्रेटरी दारात आले, तर अँप बंद करू नये, स्टँडबायवर टाकावा. “काका, आत या ना,” म्हणून त्यांना खुर्ची द्यावी, चहा ठेवावा. पावती टीपॉयवर सहज दिसेल अशी असावी. ट्यूबचा लालसर उजेड पाहून ते आधी वाकतील, मग चष्मा पुसतील, आणि चहाच्या दुसऱ्या घोटाला विचारतील, “याच्यावर ‘दम मारो दम’ येतं का रे?”

येतं, म्हणावे. नसले येत तरी.