गुडघाभर समुद्र

समुद्रावर पोचल्यावर मी पहिलं काम करतो ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडण्याचं. मग घोटाभर पाण्यात उभा राहतो, पायाखालची वाळू सरकली की बायकोचा दंड धरतो, आणि पँटची घडी भिजली की चपला शोधायला परत फिरतो. गुडघ्याच्या वरचा समुद्र आमच्या घराण्यात कुणी पाहिलेला नाही. माझे वडीलही असंच करायचे, फक्त त्यांचं धोतर असायचं.

त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या लेक-जावयाने आम्हाला हवाईला न्यायचं ठरवलं, तेव्हा मी आधी दोन ढिल्या पँटी भरल्या. विमानात साडेपाच तास काढून आम्ही कौआई बेटावर उतरलो आणि दुसऱ्या दिवशी उत्तर किनाऱ्यावरच्या अनिनी बीच पार्कवर गेलो. बीच पार्क म्हणजे तिथल्या काउंटीने राखलेला किनारा. हिरवळ, जेवायला टेबलं, स्वच्छतागृह, अंगावरची वाळू धुवायला शॉवर. तिकीट नाही, भेळ नाही, घोडागाडी नाही. मुख्य म्हणजे माणसंही नाहीत. लांब एका झाडाखाली एक म्हातारा पुस्तक वाचत बसला होता, तेवढीच काय ती गर्दी.

"इथे पॉइंट कुठले कुठले आहेत?" मी वही काढून विचारलं.

"काहीच नाहीत, बाबा," जावई म्हणाला. "म्हणून तर तुम्हाला आणलं."

मी वही मिटली. पण आमचा जन्म डोंबिवलीत गेलेला. पंखा, कुकर आणि इंडिकेटर यांच्या आवाजाशिवाय मला झोपसुद्धा येत नाही. इथे तर समुद्रही आवाज करत नव्हता. सुमारे तीन किलोमीटर लांबीची प्रवाळाची भिंत किनाऱ्याला धरून गेली आहे. लाटा तिथेच, लांबवर, पांढऱ्या रेघेसारख्या फुटतात आणि अलीकडे येतं ते तळ्यासारखं निवांत पाणी. पश्चिमेकडे त्या भिंतीत एक खिंड आहे आणि तिथे पाण्याला जबर ओढ असते. तिकडे फिरकायचं नाही असं जावयाने दोनदा बजावलं. एरवी मी पँट दुमडून आत शिरलो. दहा पावलं गेलो, वीस गेलो, पन्नास गेलो. पाणी गुडघ्याच्या वर येईना! जगात कुठेतरी आमच्या मापाचा समुद्र शिवून ठेवलेला आहे, हे मला साठाव्या वर्षी कळलं.

हिचं माहेर गुहागरचं. ती अजून काठावरच उभी होती आणि चेहऱ्यावर फसवणूक झाल्याचा भाव होता. "अहो, हे सुरूचं बन, हे माड, ही वाळू. एवढा खर्च करून गुहागरलाच आलो की आपण!" सुरू मूळचा ऑस्ट्रेलियाकडचा, तो इथेही उपराच आणि गुहागरलाही, असं मी सांगायला गेलो. उपरा कोण ते मला ठाऊक आहे, अशा नजरेने तिने माझ्या दुमडलेल्या पँटीकडे पाहिलं.

या किनाऱ्याचं जुनं नाव वानिनी. पाटीवरचं पहिलं अक्षर कधीतरी गळून पडलं आणि राहिलेलंच नाव रूढ झालं, असं तिथे सांगतात. मला ते लगेच पटलं. आमच्या को-ऑपरेटिव्ह सोसायटीच्या पाटीवरचा 'को' पडल्याला नऊ वर्षं झाली. त्याच्याबरोबर सहकारही गेला.

लेकीने थालीपिठाचा डबा उघडला आणि कोंबडा आला. मागून दोन कोंबड्या, त्यांच्या मागे सात पिल्लं. या बेटावर कोंबड्या मोकाट हिंडतात. विमानतळावर, देवळाबाहेर, पेट्रोल पंपावर. शेकडो वर्षांपूर्वी पॉलिनेशियन लोकांनी होड्यांतून रानकोंबड्या आणल्या होत्या. पुढे 1982 आणि 1992च्या चक्रीवादळांत लोकांची खुराडी उडाली आणि गावठी कोंबड्याही त्यांना जाऊन मिळाल्या, असं म्हणतात. पण त्या एवढ्या माजल्या त्याला खरं कारण मुंगूस. म्हणजे मुंगूस नसणं.

ही हकिगत मला फार आवडली. 1872 साली आपल्या कलकत्त्याहून नऊ मुंगसं जमैकाला नेली, उसातले उंदीर मारायला. त्यांची पोरंबाळं 1883मध्ये हवाईत आणली, त्याच कामावर. उंदीर रात्रपाळीचे आणि मुंगूस दिवसपाळीचं, हे नेमणूक करणाऱ्या साहेबाच्या ध्यानात आलं नाही. दोघांची गाठ क्वचितच पडायची. मग मुंगसांनी पक्ष्यांच्या अंड्यांवर ताव मारला. कौआईचा वाटा बंदरात उतरवताना एक मुंगूस हमालाला चावलं आणि त्याने चिडून पिंजराच समुद्रात फेकला, अशी दंतकथा आहे. खरंखोटं देव जाणे, पण आमच्या पुढ्यातलं थालीपीठ गेलं ते त्या हमालामुळे.

हिची कळी खुलली ती अळवावर. जवळच हनालेच्या खोऱ्यात पाण्यात उभी अळवाची शेतंच्या शेतं आहेत. आदल्या दिवशी तिथे हिने 'पोई' चाखली होती. अळवाचे कंद उकडून, कुटून केलेली जांभळट लापशी. "पतंगाला लावायची खळ," हा हिचा निकाल. जावयाने समजूत घातली की हवाईयन लोकांना अळू फार पवित्र. त्यांच्या पुराणात अळू हा माणसाचा थोरला भाऊ.

ही थोडा वेळ गप्प बसली. "म्हणजे लग्नाच्या पंगतीत आपण थोरल्या दिरांचं फदफदं वाढतो?"

संध्याकाळी पाचच्या पुढे ऊन उतरलं. आणि मला ती शांतता खरोखरच बोचायला लागली. मी डोंबिवलीला भावाला फोन लावला. साडेपंधरा तासांचा फरक. आमचा मंगळवार मावळत होता आणि त्याचा बुधवार फलाटावर उभा होता.

"काय काय पाहिलंस, दादा?"

"कोंबडा," मी म्हणालो. "आणि गुडघाभर पाणी."

तो काहीतरी बोलला, पण ते फलाटावरच्या घोषणेत बुडालं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाणारी जलद लोकल दहा मिनिटं उशिरा धावत होती, प्रवाशांना होणाऱ्या असुविधेबद्दल आम्हाला खेद होता.

"अहो," ही पाण्यातून धावत आली, "स्पीकरवर टाका ना जरा."

घोषणा मराठीत झाली, हिंदीत झाली, इंग्रजीत सुरू झाली तेव्हा कोंबडा टेबलावर चढून आरवला. झाडाखालच्या म्हाताऱ्याने पुस्तक मिटलं आणि आपली खुर्ची उचलून तो किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला.