नाचता येईना, आखाडा वाकडा

ब्रूस ली १९७३ साली गेला आणि दारासिंग २०१२ साली. पण या दोघांची जोड लावली तर कोण कोणाला चीत करेल, हा खटला सावनेरात आमच्या पानठेल्यावर अजून चालू आहे. दोन्ही पक्षकार हयात नसल्यामुळे खटल्याला उलट रंग चढलाय. मधेच कोणी येऊन खरा निकाल लावून टाकेल ही धास्ती उरलेली नाही. दारासिंगच्या बाजूने उभे असतात उस्ताद. कोळसा खाणीतून रिटायर झालेले, तरुणपणी आखाड्यात लोळलेले आणि कान मोडलेले. कान मोडलेला तो पदवीधर, असा आखाड्याचा हिशेब. ब्रूस लीचं वकीलपत्र कराटेच्या सरांकडे. ते सकाळी मैदानावर पोरांकडून ‘हाऽ’ करवून घेतात आणि संध्याकाळी ठेल्यावर स्वतः करतात. तिसरा एक पोट्टा आहे. तो मोबाइलवर पिंजऱ्यातल्या अमेरिकन मारामाऱ्या बघतो आणि या दोघांनाही पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात द्यावं अशा मताचा आहे. खर्रा घोटता घोटता न्यायदान करण्याचं काम ठेलेवाल्याकडे.

“दारासिंगनं एकदा कंबर धरली का खेळ खल्लास,” उस्ताद म्हणतात.

“धरू देईन तवा ना, उस्ताद! ब्रूस ली अंगाले हात लागू देत नाही.”

“मंग काय करते तो?”

“फिरते. गोल गोल फिरते अन् मंग हाणते.”

“म्हंजे पयते.”

“पयत नाही हो. फूटवर्क म्हणते त्याले.”

“आमच्या आखाड्यात त्याले पयनंच म्हणत.”

‘एंटर द ड्रॅगन’ प्रदर्शित व्हायच्या आधीच, वयाच्या ३२व्या वर्षी, ब्रूस ली हाँगकाँगमध्ये वारला. पण तालुक्याच्या गावात तो जन्मला ऐंशीच्या दशकात, व्हिडिओबरोबर. गल्लीत वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्याने आणायचा आणि भाडं वसूल व्हावं म्हणून रात्रीत तीन पिक्चर बघायचे. पहिला देवाचा, आज्यांसाठी. दुसरा अमिताभचा, सगळ्यांसाठी. तिसऱ्याला ब्रूस ली. तोवर आज्या झोपलेल्या असत आणि कॅसेट इतकी घासलेली असे की पडद्यावर मुसळधार पाऊस पडतोय आणि त्या पावसात कोणीतरी कोणालातरी मारतंय, एवढंच दिसे. भाषा कोणाला कळत नव्हती आणि कोणाचं अडतही नव्हतं. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या दोन-चार घरांतली झाडूची दांडकी गायब आणि सायकली चेनशिवाय उभ्या. दोन दांडकी, मधे चेन, झाला नानचाकू. हे हत्यार शत्रूपेक्षा मालकाला जास्त लागतं, ही गोष्ट पडद्यावरच्या ब्रूस लीकडे बघून कोणाच्या लक्षात आली नाही. ती सावनेरच्या एका अख्ख्या पिढीच्या कोपरांनी आणि कपाळांनी शोधून काढली.

हिंदी सिनेमानेही मग हात साफ करून घेतला. मिथुन चक्रवर्तीचा ‘डिस्को डान्सर’ आला १९८२ साली आणि ‘कराटे’ आला १९८३ साली. आधी डिस्को, मग कराटे. या क्रमाकडे लक्ष असू द्या, पुढे कामी येणार आहे. हिंदी कराटेचा अभ्यासक्रम आटोपशीर होता. पांढरे कपडे, एक किंकाळी आणि मानेवर तळहाताची कड. ती कड बसली की कितीही धिप्पाड माणूस आवाज न करता खाली बसे आणि शुद्धीवर येई तेव्हा खुर्चीला बांधलेला असे. खुर्ची आणि दोर कराटेच्या कोणत्या शाखेत शिकवतात, हे मी सरांना विचारलं. सरांनी विषय बदलला.

सरांची खरी अडचण वेगळीच आहे. त्यांचं कराटे हे आवरायचं शास्त्र. ठोसा पूर्ण ताकदीने सोडायचा आणि समोरच्याच्या नाकाशी आणून थांबवायचा. स्पर्धेत एक फटका नीट बसला की पंच दोघांना थांबवतो आणि फटका जोरात लागला तर ताकीद मारणाऱ्याला मिळते. सिनेमात नेमकं उलटं. तिथे थांबलात तर पब्लिक पैसे परत मागेल. शिवाय पट्ट्यांचा घोळ. ओकिनावाच्या कराटेने गणवेश आणि पट्टा ज्युदोकडून उसना घेतला आणि मधले रंगीबेरंगी पट्टे तर पुढे युरोपात वाढले. पण सावनेर, काटोल, कळमेश्वर हा मुलूखच संत्र्याचा. इथे पोराला नारंगी पट्टा मिळाला की बाप बागेतल्या बहारासारखा कौतुकाने बघतो, “आता हिरवा कदी?” विचारतो आणि आपल्याकडे आधी हिरवं येतं, मग नारंगी, हे आठवून जरा गोंधळतो.

आता डिस्को-कराटेच्या त्या क्रमाकडे येऊ. माझा स्वतःचा एक सिद्धान्त आहे आणि ठेल्यावर तो अद्याप दाखल करून घेतलेला नाही. पडद्यावर कोणती युद्धकला जिंकते, तर ज्याला नाचता येतं त्याची. पुरावे बघा. ब्रूस ली १९५८ साली हाँगकाँगचा चा-चा-चा नाचातला विजेता होता. बाप कँटोनीज संगीत नाटकातला नामांकित नट. जॅकी चॅन पेकिंग ऑपेराच्या शाळेत लहानपणापासून कोलांट्या, गाणं आणि मार या तिन्हींवर वाढला. म्हणजे आपण ज्याला कुंग-फूचा पिक्चर म्हणतो, तो तिथल्या संगीत रंगभूमीचा नातू. म्हणून तर त्यात कोणी लवकर मरत नाही. पद संपल्याशिवाय नटाने स्टेज सोडायचं नसतं, आणि फाइट रंगली तर पब्लिकच्या मनात ‘वन्स मोअर’ असतोच.

हाँगकाँगला जायचीही गरज नाही. आपल्या कोल्हापूरचा मास्टर विठ्ठल घ्या. मूकपटांच्या काळातला स्टंटबाज हीरो. ‘हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स’ म्हणत त्याला. सुरुवात कुठे केली? नाटकमंडळीत, आणि सिनेमात आला तो बाबूराव पेंटरांच्या ‘कल्याण खजिना’त, १९२४ साली, नाचाच्या छोट्या कामात. तलवार पुढे आली. त्याचा भाव एवढा वाढला की ‘आलम आरा’साठी त्याने जुन्या कंपनीचा करार मोडला, प्रकरण कोर्टात गेलं आणि त्याच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर जिना. जिंकलेही. मग १९३१ साली भारताचा पहिला बोलपट आला आणि त्यातला हीरो बरीचशी रिळं मंतरलेल्या अवस्थेत गप्प! कारण मास्टरांची भाषा त्या संवादांना पुरी पडेना. जिनांनी कोर्ट जिंकून दिलं, पण उच्चारांच्या कामी वकील काय करणार? मला हा माणूस फार जवळचा वाटतो. लाथ मारायला सांगा, मारतो; उर्दू बोलायला सांगितलं की मूर्च्छा.

हा सिद्धान्त मान्य केला की सिनेमातली एक जुनी शंका मिटते. बारा गुंड हीरोला घेरून उभे असतात आणि एकेक जण शिस्तीत पुढे येऊन मार खातो. बाकीचे अकरा जागच्या जागी मुठी हलवत डुलत असतात. उस्ताद यावर दर वेळी चिडतात, “अबे, सगळे मिळून धरा ना त्याले! काऊन लायनीत उभे हायेत, रेशन हाये का?” पण ते गुंड नाहीतच, साथीदार आहेत. हीरो गातो, ते ठेका धरतात. मार खाणाऱ्याने योग्य मात्रेवर मान झटकली नाही तर ठोसा बेसूर होतो. मारणारा हवेत मारतो आणि त्याचं वजन पडणारा ठरवतो. ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये ब्रूस लीच्या हातून मान मोडून घेणाऱ्या अशा साथीदारांत एक कोवळा पोरगा आहे. तोच पुढे जॅकी चॅन झाला. शेट्टी, वीरू देवगण या आपल्या फाइट मास्टरांनी कित्येक हीरोंना हाणामारी शिकवली असं म्हणतात. माझ्या मते त्यांनी त्याहून कठीण काम केलं, शेकडो माणसांना वेळेवर पडायला शिकवलं.

आणि इथेच उस्तादांची कुस्ती मार खाते. पडद्यावर, आखाड्यात नव्हे. कुस्तीत दोन माणसं एकमेकांना इतकी चिकटतात की कुठला पाय कोणाचा हेच कळत नाही. हीरोचं तोंड दुसऱ्याच्या काखेत. ज्या तोंडावर निर्मात्याने पैसा लावलाय ते दिसणारच नसेल, तर धोबीपछाड कितीही देखणी असो, उपयोग काय? दारासिंगची गंमत बघा. हा खराखुरा पैलवान. १९६८ साली मुंबईत लू थेझ या अमेरिकन मल्लाला हरवलेला. पण त्याच्या पिक्चरमध्ये नाचायचं खातं मुमताजकडे. पुढे नाव कोणाचं मोठं झालं, हे सांगायला नको.

कुस्तीची वेळही सिनेमाला जमत नाही. गामा पैलवान १९१० साली लंडनमध्ये पोलंडच्या झबिस्कोशी लढला. झबिस्कोने गामाचा जोर ओळखला आणि तो मॅटवर पालथा पडून राहिला. अडीच तासांहून जास्त! म्हणजे आपला अख्खा हिंदी पिक्चर, इंटरवलसकट, आणि पडद्यावर एक पालथा माणूस. कुस्ती बरोबरीत सुटली. पुढच्या आठवड्यात पुन्हा लढायचं ठरलं, तर झबिस्को आलाच नाही. मग दोघे परत भेटले ते १९२८ साली पतियाळ्याला, आणि गामाने एका मिनिटाच्या आत त्याला आडवा केला. म्हणजे अठरा वर्षांचा सूड आणि जाहिरातीएवढी लांबी. आता याचा पिक्चर कसा काढायचा? ‘दंगल’वाल्यांनी हुशारी केली, आधी बापाकडून पोरीला आणि पोरीच्या निमित्ताने आपल्याला गुणांचा हिशेब शिकवला. तेव्हा कुठे पब्लिकला कळलं की एवढा वेळ जमिनीवर काय चाललं होतं. उस्ताद तो पिक्चर बघून आले आणि एवढंच म्हणाले, “बरोबर दाखवलं. पण घाम कमी हाये.”

मल्लखांबाचं तर त्याहून वाईट. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. त्यांचं पथक १९३६च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखवून आलं. एवढी कीर्ती, पण फाइट मास्टरच्या नजरेतून मल्लखांब म्हणजे असा प्रतिस्पर्धी, जो स्वतःची पाळी आली तरी पडत नाही.

पोट्ट्याचं म्हणणं, हे सगळं जुनं, खरी मारामारी पिंजऱ्यात. तिथे दोघे आधी लाथा घालतात आणि मग बराच वेळ जमिनीवर एकमेकांना चिकटून पडतात. उस्तादांनी त्याच्या मोबाइलमध्ये डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “हे तं आपलीच कुस्ती हाये ना बे! फक्त माती नाही अन् जाळी लावली.” त्या दिवसापासून पोट्टा थोडा खचलाय.

खरी मारामारी म्हटलं की आमच्याकडे कोणीतरी पांढुर्ण्याच्या गोटमारीचं नाव काढतंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून दोन गावं एकमेकांना दगड मारतात. सावनेराहून लोक बघायला जातात. मी तिच्यावर विनोद करणार नाही. तिथे डोळे गेलेत, जीव गेलेत, आणि पुढच्या पोळ्याला पुन्हा दगड असतातच.

त्या मानाने आमची बसस्टँडसमोरची शैली सात्त्विक. परवाच ठेल्यासमोर दोन मोटारसायकलींची हँडलं एकमेकांत अडकली. दोघे उतरले. या शैलीत पहिला डाव कॉलरचा, दुसरा ओळखीचा. “तू मले ओयखत नाही!” “तू कोनाले बोलून राहिला, मालूम हाये का?” यानंतर दोघेही फोन काढतात आणि कोणालातरी “भाऊ, जरा ये बरं” म्हणतात. सिनेमातला खलनायक कधी असा फोन करत नाही. या शैलीत मारणाऱ्याहून महत्त्वाचा असतो धरणारा. तो वेळेवर आला नाही तर दोघांची पंचाईत होते. कारण “सोडा मले, सोडा!” हे ओरडायला आधी कोणीतरी धरलेलं असावं लागतं. त्या दिवशी कोणी धरेना. उस्ताद बाकावरून उठले नाहीत, म्हणाले, “जोड बरोबरीची हाये, खेयू द्या.” सर दोघांच्या पायांची ठेवण बघून नापसंतीने मान हलवत होते. पोट्टा शूटिंग करत होता. दोघे बिचारे कॉलरी धरून इकडे-तिकडे बघू लागले.

शेवटी ठेलेवाल्याने हात पुसले, गल्ल्याखालून लाल वही काढली आणि शांतपणे पानं उलटायला लागला. “बरं झालं दोघंही इथंच भेटले,” तो म्हणाला, “मागच्या महिन्याचं...”

कॉलरी सुटल्या. हँडलंही कशी कोण जाणे सुटली आणि दोन्ही गाड्या दोन दिशांना गेल्या.

“पाहा उस्ताद,” ठेलेवाला म्हणाला, “हे झालं फूटवर्क.” आणि त्याने पुढचं पान उलटलं, तसं सरांना एकदम क्लासची वेळ झाल्याचं आठवलं.