पीडीआय साहेब सिनेमा बघतात

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांत पीडीआय नावाचं खातं असतं. माल ट्रकमध्ये चढण्याआधीची शेवटची तपासणी. या खात्यात माणूस मुरला की घरी आला तरी त्याचे डोळे ड्यूटीवरच राहतात. लग्नाला गेला तर नवरीच्या आधी मांडवाचं वेल्डिंग बघेल. मोशी, चिखली, तळवडे, कुठल्याही सोसायटीत शिरा, असा एक तरी निघतोच. त्याला बघायचं तर गुरुवारी, म्हणजे या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांच्या सुट्टीला, संध्याकाळी पोरं शाळेतून आल्यावर.

पंचावन्न इंची टीव्ही हप्त्यावर आलेला असतो. ‘टॉय स्टोरी’ लावायचा ठरतो, कारण साहेबांनी कुठंतरी वाचलेलं असतं की १९९५चा हा सबंध संगणकावर बनलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. शिवाय फुल एचडी, शिवाय हिंदी-इंग्रजी दोन्ही आवाज. साहेब आधी पडद्याच्या टीचभर अंतरावर उभे राहतात, मग भिंतीला टेकतात, मग ट्यूबलाइट घालवतात. आई अंधारात शेंगा सोलत बसते.

‘‘एक फ्रेम बनायला पाऊण तासापासून तीस तासांपर्यंत लागायचे,’’ साहेब सुरू होतात. ‘‘सेकंदाला चोवीस फ्रेमा. एकशे सतरा मशिनी! काय सायकल टाइम म्हणायचा हा! आमच्याकडे मिनिटाला पार्ट पडला नाही तर सुपरवायझर अंगावर येतो.’’

एवढ्यात इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या बॉम्ब टाकतो, की हा सिनेमा मुळात निघाला तोच १५३६ गुणिले ९२२ ठिपक्यांत. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०.

साहेबांचा चेहरा पडतो. ‘‘म्हणजे ड्रॉइंगच लहान? मग पार्ट मोठा कसा पास केला?’’

आवाजाचा प्रश्न वेगळाच. मुलाला इंग्रजी हवं, बायकोला हिंदी, आणि साहेबांना दोन्हींचं लिप-सिंक तपासायचं असतं. त्यामुळे सिनेमातला बाहुला वुडी वाक्य इंग्रजीत सुरू करतो आणि हिंदीत संपवतो. आई विचारते, ‘‘आरं, हा बाहुला घडीघडी आवाज का बदलतोय? घसा बसलाय का त्याचा?’’

खेळण्यांवर मात्र साहेब बेहद्द खूश. प्लास्टिकची चकाकी, कडा, सगळं ओके. माणसं आली की भुवया चढतात. खेळण्यांचा मालक, पोरगा अँडी, त्याची कातडी प्लास्टिकची, केस तर टोपी बसवल्यासारखे. खरं तर यात सिनेमा बनवणाऱ्या पिक्सारवाल्यांचं शहाणपणच आहे: त्या काळच्या संगणकाला केस आणि कातडी झेपत नव्हती, म्हणून प्लास्टिकचेच नायक घेतले. पण पीडीआयला कारण चालत नाही. माणसं रिजेक्ट.

मग तो प्रसंग येतो. स्वतःला खरा अंतराळवीर समजणारा दुसरा बाहुला बझ मनगटावरचं झाकण उघडतो आणि आत लिहिलेलं असतं, मेड इन तैवान. घरात शांतता. बायको पदर डोळ्यांना लावते. साहेब पॉझ दाबतात.

‘‘एम्बॉसिंग बघितलंस? एकेक अक्षर सुटं आलंय. मोल्ड एक नंबर!’’

‘‘अहो, रडतंय ना ते बिचारं!’’

‘‘रडू दे. मार्किंग क्लिअर आहे.’’

पुढं बझ उडायला जातो, पडतो, हात निखळतो. मुलगा हुंदका देतो. साहेब त्याची पाठ थोपटतात, अगदी मनापासून. ‘‘स्नॅप फिट असतं रे. रीवर्क होतं.’’

सिनेमा संपतो. साहेब नावांची यादी शेवटपर्यंत चालू ठेवतात, अक्षरांच्या कडा बघायला. शेवटी निकाल: ‘‘डेव्हिएशनवर पास.’’

आईनं दोन भाषांच्या ओढाताणीत निम्मी गोष्ट गमावलेली असते. ती विचारते, ‘‘त्या दोघा बाहुल्यांचं भांडण मिटलं का रे शेवटी?’’

साहेब रिमोट पुसता पुसता थांबतात.

‘‘कुणाचं भांडण?’’