जर्मनचे गृहपाठ तपासण्याची शास्त्रोक्त पद्धत

(पुण्यातल्या कॉलेजांत नव्याने जर्मन शिकवू लागलेल्यांसाठी)

गठ्ठा घरी आणावा आणि त्याच्याकडे पाहू नये. इंटर्नलचे मार्क भरायची मुदत आज संध्याकाळी संपते असा निरोप आला की पहिली वही उघडावी.

विषय ‘माझी दिनचर्या’ असेल तर ध्यानात ठेवावं, की जर्मनमध्ये सगळी मुलं सहाला उठतात. नऊच्या तासाला साडेनऊला उगवणारा मुलगाही जर्मनमध्ये सहाला उठतो, पाव खातो आणि संध्याकाळी गिटार वाजवतो. याला खोटेपणा म्हणू नये. पोह्यांचा शब्द पुस्तकात नाही, आणि साडेआठला जर्मन माणूस ‘अर्धे नऊ’ म्हणतो. त्या भानगडीत पडण्यापेक्षा सहाला उठणं सोपं.

आता लिंग. मराठीतही तीन लिंगं असल्यामुळे आपली मुलं सुरुवातीला निर्धास्त असतात. मग सूर्य स्त्रीलिंगी निघतो, मुलगी नपुंसकलिंगी. यावर हुशार मुलांनी तोड काढली आहे: डेर, डी, दास यांतलं काहीही वाचता येईल असं अक्षर. पहिला डी ठसठशीत, पुढे नुसती लाट. इथे दया दाखवू नये. अर्धा मार्क कापावा. ‘मॅम, ते दासच आहे’ म्हणत कोणी भांडायला आलं, तर बरोबर उत्तर डी होतं हे नंतर सांगावं.

क्रियापद साध्या वाक्यात दुसऱ्या जागी हवं, पोटवाक्यात शेवटी. मराठी मुलं ते सवयीने सगळीकडेच शेवटी नेतात, त्यामुळे पोटवाक्यं आपोआप बरोबर येतात. श्रेय आपण घ्यावं.

‘की’ या अर्थाच्या ‘दास’मध्ये दोन एसऐवजी जुना एस्त्सेट दिसला तर गोंधळू नये. १९९६च्या शुद्धलेखन सुधारणेने तो तिथून हद्दपार केला. म्हणजे गृहपाठ विद्यार्थ्याच्या आईच्या वहीतून उतरलेला आहे. त्या माउलीला तिचे मार्क द्यावेत.

बिनचूक गृहपाठ मात्र जपून हाताळावा. गेल्या आठवड्यात ‘माझं नाव अमुक’पर्यंत पोहोचलेला मुलगा या आठवड्यात ‘मला वेळ मिळाला असता तर’ असं सफाईने लिहीत असेल, तर ती सफाई त्याच्या फोनची. खरं सांगायचं तर आजकाल डेटिव्ह चुकलेला दिसला की मला बरं वाटतं. हे पोराने स्वतः, जागून लिहिलंय याची खात्री पटते. अशा चुकीचे मार्क कापवत नाहीत. कापावेत.

शेवटी श्रेणी. जर्मन शाळांत १ सर्वोत्तम आणि ६ सर्वांत वाईट. हे सांस्कृतिक ज्ञान वर्गात द्यावं, वहीवर नको. दहापैकीच्या गृहपाठावर कौतुकाने लाल शाईत १ काढलात, तर दुसऱ्या दिवशी त्या मुलीचे वडील स्टाफरूममध्ये येतील, आणि ज्याला वैतागून ६ दिलेत तो पेढे घेऊन.