लपलेला लेखक कसा पकडावा?
(करंजाड्यातील नवशिक्या संपादकांसाठी)

साहित्य (स्वयंपाकातलं, दुसरं यातूनच निघायचंय): दोन मोठे कार्डशीट, सेलोटेप, मार्कर, दोऱ्याला बांधलेली पेन्सिल, लिफ्टशेजारची रिकामी भिंत आणि सेक्रेटरींची परवानगी. शेवटची वस्तू आधी मिळवा. भित्तिपत्रकाने रंग खराब होतो असं म्हणाले, तर पहिल्या अंकात त्यांचं मनोगत छापतो म्हणावं. रंग लगेच पक्का होतो.

आता विषय. इथेच नवखे घसरतात. 'पाऊस' देऊ नका. आम्ही दिला होता. अकरा कविता आल्या आणि अकराही जणांना मातीचा सुगंध आला. करंजाड्यात जूनमध्ये मातीच्या आधी ओल्या सिमेंटचा वास येतो, हे एकालाही आठवलं नाही. पुढच्या खेपेला आम्ही विषय दिला, 'टँकर आला तेव्हा मी काय करत होतो?' जिन्यात मान हलवण्यापलीकडे कधी न गेलेल्या माणसांनी दोन-दोन पानं आणून दिली. एक काका डोक्याला साबण लावलेल्या अवस्थेत बादली घेऊन धावले होते, तो प्रसंग त्यांनी असा लिहिला की त्यांच्या बायकोलाही पहिल्यांदाच कळला. पावसाबद्दल काय लिहायचं ते सगळ्यांना शाळेत शिकवलेलं असतं. टँकरवरचा निबंध कुठल्याही गाईडात नाही, मग माणसाला स्वतःचंच लिहावं लागतं.

नियम मोजके ठेवा. एक विषय, एक पान, एक तारीख. तारीख मात्र हवीच. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकासाठी दिवाळी आधी मुदत आहे, मग सण.

आणि एक नियम असा, की बाकीचे मोडले तरी तो मोडू द्यायचा नाही: ज्याने लिहिलं त्याने दुसऱ्या दोघांचं वाचायचं आणि पानाखाली पेन्सिलीने दोन ओळी खरडायच्या. 'छान', 'मस्त' आणि काढलेला अंगठा बाद. हा नियम नसला तर प्रत्येक जण फक्त आपलंच पान वाचायला खाली येतो. दिवसातून तीनदा येतो, कचऱ्याची पिशवी रिकामी असली तरी.

हा पोरखेळ वाटत असेल, तर अंमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी हस्तलिखित दैनिक चालवत, हे आठवावं. दैनिक! आपलं मासिक तिसऱ्या महिन्यात बंद पडतं, तेव्हा हे नाव जरा हळू आवाजात घ्यावं.

इमारतीतले लेखक संपले, की फाटकाबाहेर पडा. नवी मुंबईच्या विमानतळासाठी गाव सोडावं लागलेल्या काही कुटुंबांची नवी घरं वडघर-करंजाड्याच्या बाजूला आहेत. तिथल्या आजींकडे जा. त्या म्हणतील, मला लिहिता येत नाही. नातीला वही घेऊन बसवा. नात आजीचं आगरी 'शुद्ध' करायला लागेल, तिथे तिचा हात धरा. नाहीतर हाती येईल तो पुन्हा मातीचा सुगंध. हे काम सावकाशीचं आहे, दोन चहा आणि एक पापलेट तरी लागतंच. (पापलेट मला मिळालं. सर्वांना मिळेल असं नाही.)

शेवटी निनावी कागद. प्रत्येक अंकात एक तरी येतो आणि बहुधा तोच सगळ्यांत चांगला असतो. त्याचा माग हस्ताक्षरावरून काढावा: मेंटेनन्सचे चेक, गेटवरची वही, इस्त्रीच्या चिठ्ठ्या. टँकरच्या अंकात आम्हाला असाच एक कागद पत्रपेटीत सापडला होता. 'टँकर आला तेव्हा मी काय करत होतो?' या प्रश्नाखाली पहिलंच वाक्य होतं, 'चालवत होतो.' पुढे पानभर, गाडी वळताना वरच्या सगळ्या गॅलऱ्यांत माणसं कशी दिसतात ते. अक्षर पावतीपुस्तकाशी जुळलं.

कागद मधोमध लावला. त्याच्याखाली पेन्सिलीने नऊ जणांनी लिहिलं. त्यातल्या सातांनी उद्याचा टँकर किती वाजता, एवढंच विचारलं होतं.