इकडील सर्व क्षेम

बाबांना पंच्याहत्तर पूर्ण झाली तेव्हा त्यांनी शाल, श्रीफळ, हार आणि मनोगत या चारही गोष्टींना नकार दिला. घरातच बैठक करा, गावातलं कुणी बरं गाणारं बोलवा, मी मागे तंबोरा धरून बसतो, एवढंच त्यांचं मागणं. आम्ही मिरजेचे. आमच्याकडे सतारमेकर गल्ली आहे, तिथे भोपळ्याला माणसासारखं पारखून घेतात, आणि रेल्वेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसालाही तंबोऱ्याची जवारी उतरलीय की नाही हे कळतं. बाबा गात नाहीत. त्यांना गाणाऱ्याच्या मागे बसायला आवडतं. त्यांचं म्हणणं, गार्डही मागेच असतो.

अडचण आत्याची होती. आत्या न्यू जर्सीला, गुडघा नुकताच बदललेला. ‘मी येऊ शकत नाही, पण मला सगळं दिसलं पाहिजे,’ असा तिचा फोन आला, आणि माझा भाचा खुर्चीतून उठला. ‘मामा, लाइव्ह करू ना! माझ्याकडे ओबीएस आहे.’ मला आधी तो आजार वाटला. ते लॅपटॉपवरचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर निघालं. भाचा त्यावरून दोन वर्षं स्वतःचे गेम जगाला दाखवतो आहे. जगातले किती जण बघतात हे विचारायचं नसतं.

लाइव्ह म्हणजे बटण दाबायचं आणि दिसू लागायचं, अशी माझी समजूत होती. बटण असतं, पण त्याच्या आधी प्रश्नावली असते, आणि ती पासपोर्टच्या अर्जापेक्षा खोल जाते. चित्र किती मोठं? सेकंदाला किती चित्रं? आवाज एकेरी की दुहेरी? बिटरेट किती, आणि तो कायम की बदलता? कीफ्रेम किती सेकंदांनी? मी प्रत्येक प्रश्नाला ‘चांगल्यातलं दे’ म्हणत होतो. साडीच्या दुकानात हे चालतं.

भाच्याच्या गेमची मापं तयार होती: उभं १०८०, सेकंदाला ६० चित्रं, ६००० केबीपीएस. रंगीत तालमीला आम्ही माझ्या मोबाइलचं हॉटस्पॉट लावलं. रोजचे २ जीबी पाऊण तासाच्या आत संपले, वेग ६४ वर आला आणि पडद्यावर आमच्या दिवाणखान्याचं मोझॅक झालं. मोठा ख्याल जेमतेम संपला असता. मग समोरच्या डॉक्टरांच्या घरातून रस्त्यावरून वायर ओढली. त्यांच्याकडे वेग मोजला तर खाली यायचा भरपूर आणि वर जायचा बेताचाच: सकाळी नऊ एमबीपीएस, संध्याकाळी चार. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे ठीक, पण इथे अंथरूणच दिवेलागणीला आटतं. शेवटी ७२०, सेकंदाला २५ चित्रं आणि २५०० वर तोडगा निघाला.

२५ च का, याचं उत्तर मला मनापासून आवडलं. ३० ठेवलं की आमच्या जुन्या ट्यूबलाइटमुळे चित्रात सावल्यांचे पट्टे सरकत होते. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, अमेरिकेतली ६०. कॅमेरा २५ वर आणला, शटर पन्नासाव्या भागावर ठेवलं, आणि पट्टे गेले. म्हणजे आत्याने तिकडे काहीही बघितलं तरी ताल मिरजेच्या विजेचाच धरावा लागला.

नंतर मी कागदावर एक हिशेब केला. १२८० गुणिले ७२० ठिपके, प्रत्येकाला २४ बिट्स, असं सेकंदाला २५ वेळा. सेकंदाला पंचावन्न कोटींहून जास्त बिट्स झाले. वायरीतून आम्ही पाठवणार होतो पंचवीस लाख. म्हणजे दोनशे वीस भागांतले दोनशे एकोणीस टाकायचे आणि उरलेल्या एकात बाबांची पंच्याहत्तरी बसवायची.

हे कसं जमतं, हे भाच्याने एच.२६४ च्या भाषेत सांगितलं आणि मला ते आंतर्देशीय पत्राच्या भाषेत कळलं. ऐंशीच्या दशकात आत्या लग्न होऊन भोपाळला गेली, तेव्हा आमच्याकडून दर पंधरवड्याला निळं आंतर्देशीय जायचं. त्याची जागा ठरलेली. सांगायला काही नसो की भावजयीला मुलगा झालेला असो, कागद तेवढाच. जास्त असेल तर अक्षर बारीक करा, घड्यांच्या कडेने लिहा. हाच कायम बिटरेट. पाकीट म्हणजे बदलता बिटरेट, लागतील तेवढे कागद घाला. थेट प्रक्षेपणात आंतर्देशीय बरं, कारण पुढचा रस्ता अरुंद असतो आणि एखादं पाकीट अचानक फुगलं की मागची सगळी टपाल तुंबते.

आणि त्या पत्रांची सुरुवात! ‘इकडील सर्व क्षेम.’ या तीन शब्दांत घर, अंगण, विहीर, म्हैस आणि आजीचा दमा आला. जे बदललं नाही ते लिहायचं नाही. जे बदललं तेवढंच खाली. एच.२६४ हे २००३ सालचं गणित नेमकं हेच करतं. एक चित्र पूर्ण पाठवायचं, आणि पुढच्या चित्रांत फक्त काय हललं ते सांगायचं. भिंत? क्षेम. घड्याळ? काटा सोडून क्षेम. पण एखादा मधूनच बघायला आला तर त्याला घर कसं दिसतं हे कुठे माहीत असतं? म्हणून ठरावीक वेळाने पुन्हा एकदा सगळं पहिल्यापासून. ते कीफ्रेम. आम्ही दर दोन सेकंदांनी ठेवलं. याहून नवी, याहून काटकसरी गणितंही निघाली आहेत, २०१३ चं एक, २०१८ चं एक. भाच्याच्या लॅपटॉपला ती झेपली नाहीत. त्याचा पंखा तबल्याच्या आधी दुगुणीत गेला.

पत्र जातं कुठल्या रस्त्याने, तर आरटीएमपी नावाच्या. तो मॅक्रोमीडिया कंपनीने फ्लॅशसाठी काढला होता. फ्लॅश २०२० च्या ३१ डिसेंबरला अधिकृतपणे बंद झालं. वाडा पडला, पण वाड्याकडे जाणारी पायवाट अजून वापरात आहे. आमच्या गावात अशा दोन आहेत.

बैठकीच्या दिवशी संध्याकाळी सहाला, म्हणजे आत्याच्या सकाळी साडेआठला, पुरिया धनाश्री सुरू झाला. गाणारे मास्तर हात फार करतात. यंत्राची सगळी पुंजी त्या हातांवर खर्च होत होती, आणि मागे बाबा ध्यान लावून बसलेले. बाबा बसले की बसले. त्यांच्याबाबतीत यंत्र दर खेपेला ‘क्षेम’ लिहून मोकळं होई. पडद्यावर त्यांचा झब्बा हळूहळू सपाट पांढरा होत जायचा, आणि दोन सेकंद भरले की कीफ्रेम येऊन ते किंचित ताजे व्हायचे. झब्ब्याची घडी परत यायची, मिशी परत यायची. मग पुन्हा क्षेम.

दादही मजेत यायची. इथून निघालेलं गाणं तिकडे पोचून तिथली ‘वाहवा’ पडद्यावर उमटेपर्यंत पंचवीसेक सेकंद जात. विलंबित एकताल, मात्रेला चार सेकंद. समेची दाद सातव्या मात्रेवर! तबलजींनी एकदा पडद्याकडे बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही. हा उशीर कमी करता येतो, पण मग चित्र अडखळतं. मी म्हटलं, राहू दे. मिरजेत दाद देणारे पुष्कळ बसलेत.

आणि मग आत्याची ओळ आली. ‘दादा तंबोरा नुसता धरून बसलाय का?’

मी मान वळवली. चारही तारा नीट चालू होत्या, खोली भरून गेली होती. भाच्याचा हेडफोन कानाला लावला, तर मास्तर गातायत, पेटी आहे, ठेका आहे, आणि मागे विहिरीसारखी शांतता. बाबांचं बोट फिरतंय आणि काही वाजत नाहीये.

भाच्याचा चेहरा पडला. गेम खेळताना कीबोर्डची खडखड आणि पंख्याची घरघर जाऊ नये म्हणून त्याने दोन चाळण्या लावलेल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. एक दार आहे: आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला की लागतं. मास्तर दम घ्यायला थांबले की ते बंद होई. दुसरी चाळणी हुशार, माणसाचं बोलणं आणि गोंगाट वेगळे ओळखायला शिकवलेली. तिचा एक अंदाज असा, की जे एकसारखं, न थांबता, न बदलता चालू आहे, तो पंखा. छत्तीस वर्षं रेल्वे आणि पंधरा वर्षं तंबोरा, यंत्राने बाबांना पंखा ठरवलं होतं.

यात यंत्राचा दोष मी फार धरत नाही. आवाज कमी जागेत बसवणाऱ्या या विद्येचे एक जनक, जर्मनीचे कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग, एमपी३ घडवताना सुझॅन वेगा या गायिकेचं ‘टॉम्स डायनर’ पुन्हा पुन्हा लावून कसोटी घेत. एकटा गळा, मागे वाद्य नाही. गळा बिघडला नाही की गणित जमलं. त्यांना एकदा कुणी मिरजेला आणायला हवं होतं. घोडीवर तार टेकते तिथे आम्ही सुताचा धागा सरकवतो आणि एका षड्जातून दहा स्वर बाहेर पडतात. कानाला एकच वाटतो, पण धागा केसभर हलवला की बाबा लगेच म्हणतात, गेला.

‘बंद कर दोन्ही,’ मी म्हणालो. यादीत प्रत्येक चाळणीसमोर डोळ्याचं चित्र असतं, ते दाबलं की ती मिटते. भाच्याने दोन डोळे मिटले. सोबत आवाज दुहेरी केला.

तंबोरा आला. त्याच्या मागोमाग छताचा पंखा आला, शेजारचा कुकर आला, जिन्यावरच्या चपला आल्या, आणि पंक्तीची पानं मांडणाऱ्या काकूंचं ‘अगं मीठ वाढलं का’ हे स्पष्ट दुहेरी आवाजात न्यू जर्सीला गेलं. भाचा कपाळाला हात लावून बसला. सात वाजून गेले होते. मास्तर तार षड्जावर स्थिरावले आणि नेमका स्टेशनच्या बाजूने लांब भोंगा झाला. श्रोत्यांतले दोघेतिघे हसले. मास्तरांनी स्वर सोडला नाही.

पंचवीस सेकंद गेले. मी पडद्यावर ‘वाहवा’ची वाट बघत होतो.

आत्याने लिहिलं होतं, ‘ही कोयना ना? दादाला विचार, आज लेट आहे का.’

मी लॅपटॉप तिरका करून बाबांकडे धरला. त्यांनी चष्म्यावरून वाचलं. तारांवरचा हात थांबला नाही. मान मात्र दोनदा, चांगली ठळक, खाली-वर झाली. यंत्राला बऱ्याच वेळाने त्यांच्याविषयी काही नवं लिहावं लागलं.

तिकडून उत्तर यायला पुन्हा तेवढाच वेळ गेला. ‘वाटलंच मला.’